जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळायचेत? आधी खेळ ठरवा, मग खर्च

‘काँट्रा’ खेळायला किती पैसे लागतात? खेळण्यांच्या दुकानातला प्लास्टिकचा डबा हजार रुपयांत मिळतो, कॉम्प्युटरवर अधिकृत संच दोन हजारांच्या आत येतो आणि जुनं अस्सल यंत्र, अस्सल कॅसेट, चांगला टीव्ही असा हौशी मामला असेल तर पन्नास हजारही पुरत नाहीत. खेळ तोच, 1980 च्या दशकातला. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: तुम्हाला नेमका कोणता खेळ खेळायचा आहे? बहुतेक जण आधी यंत्र घेतात आणि मग त्यात काय चालतं ते पाहतात. पैसे वाया जातात ते तिथेच. उड्या मारायचा खेळ, मारामारीचा खेळ, बंदुकीचा खेळ आणि महिनाभर चालणारी साहसकथा, यांच्या गरजा पूर्ण वेगळ्या आहेत.

खाली दिलेल्या किमती मुंबई-पुण्यातली दुकानं आणि ऑनलाइन बाजार यांच्या अंदाजाने आहेत. जुन्या मालाला ठरलेला भाव नसतो, त्यामुळे दोनचारशे रुपये इकडेतिकडे होणारच.

डबा आणि ‘लाखो गेम’ची कॅसेट

आपल्याकडे 1990 च्या दशकात घरोघरी जे आले ते निंटेंडोच्या ‘फॅमिकॉम’चे नकली भाऊबंद होते. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै 1983 मध्ये आला. ‘मीडिया’सारख्या नावांच्या डब्यांवर आपण ‘सुपर मारिओ’, ‘रोड फायटर’, ‘बॅटल सिटी’, ‘सर्कस चार्ली’ खेळलो. त्याच जातीचे नवे डबे आजही खेळण्यांच्या दुकानांत 800 ते 1500 रुपयांना मिळतात. सोबत दोन रिमोट, अडॅप्टर आणि एक कॅसेट. टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारी ‘गेम स्टिक’ 1200 ते 2500 पर्यंत जाते. हातात धरून खेळायचा ‘400 इन 1’ चारशे ते सातशेत येतो.

कॅसेटवरच्या आकड्याला भुलू नका. ‘9999999 इन 1’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये वेगळे खेळ मोजकेच असतात. एकच काँट्रा पहिल्या स्टेजपासून, तिसऱ्या स्टेजपासून, तीस लाइफसह असा नव्या नव्या नावाने यादीत येत राहतो. दुकानात यादीची पहिली दोन पानं आणि मधलं कुठलंही एक पान उघडून पाहा. मधल्या पानावर तेच खेळ दिसू लागले तर खरी संख्या कळली. तीस लाइफसाठी वेगळ्या कॅसेटची गरजही नाही. काँट्राच्या सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए हा क्रम दाबून सुरू करा. काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरने तो आधी 1986 च्या ‘ग्रॅडियस’साठी घातला होता.

या डब्यांमधली मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अडॅप्टरची. हलका, गरम होणारा, नाव-गाव नसलेला अडॅप्टर मुलांच्या हातात देऊ नये. व्हिडिओ गेमना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 2012 च्या सक्तीच्या नोंदणी आदेशापासून यादीत त्यांचं नाव आहे. खोक्यावर ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासता येतो. सोबत आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत पाहा. यातलं काहीच नसेल तर हजाराचा डबा सहाशेत मिळाला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंदुकीचा खेळ: सर्वांत फसवा खर्च

‘डक हंट’ची आठवण पुष्कळांना असते आणि डब्यासोबत बंदूक पाहून हात खिशाकडे जातो. आधी घरचा टीव्ही बघा. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, पुढच्याच चौकटीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड दिसला की नाही एवढंच बघतो. गोळी टीव्हीकडे जात नसते. टीव्हीचा उजेड बंदुकीत येत असतो. सगळं सेकंदाच्या एका लहान अंशात घडतं आणि जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही ज्या वेगाने चित्र रेखतो त्याच वेगावर ही बंदूक बेतलेली आहे. एलसीडी किंवा एलईडी टीव्ही चित्र उशिरा आणि वेगळ्या पद्धतीने दाखवतो, म्हणून तिथे नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही.

म्हणजे बंदुकीचा खेळ हवा असेल तर खर्चात जुना टीव्ही धरावा लागतो. वापरलेला 14 किंवा 21 इंची टीव्ही पाचशे ते दीड हजारात मिळतो, कधी एखादा शेजारी फुकटही देतो. पण चालू असलेला, चित्र स्थिर असलेला बघून घ्या आणि रिक्षा-टेम्पोचे पैसे वेगळे धरा. तो बिघडला तर स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या आत जीवघेणा विद्युतदाब साठलेला असू शकतो. एवढं करायची तयारी नसेल तर बंदूकवाला संच सोडून द्या आणि ते दोनतीनशे रुपये वाचवा.

उड्या आणि मारामारी: उशीर किती होतो ते बघा

मारिओ आणि काँट्रा दिसायला साधे, पण त्यांचा सगळा जीव वेळेवर दाबलेल्या बटणात आहे. नव्या टीव्हीवर बटण दाबणं आणि पात्राने उडी मारणं यात किंचित फट पडते. स्वस्त गेम स्टिकच्या बिनवायरी रिमोटने ती आणखी वाढते. पहिला उपाय फुकट आहे: टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. दुसरा उपाय वायरचा रिमोट. दुकानात मारिओ लावून पहिल्याच स्टेजमध्ये उड्या मारून पाहा. पात्र बोटाच्या मागे रेंगाळतंय असं वाटलं तर दुसरी वस्तू मागा.

जुन्या यंत्रांची लाल-पांढरी-पिवळी वायर नव्या टीव्हीला लागतेच असं नाही. एव्ही ते एचडीएमआय रूपांतरक चारशे ते सातशे रुपयांना येतो आणि उड्यांच्या खेळांना बऱ्यापैकी चालतो. मारामारीच्या खेळांत मात्र त्याने पडणारा उशीरही जाणवतो. रसिकांसाठी ‘रेट्रोटिंक’सारखी खास उपकरणं आहेत, त्यांतलं 4के मॉडेल 2023 मध्ये 750 डॉलरला आलं. एवढा खर्च संग्राहकालाच शोभतो. बाकीच्यांनी मारामारीचे खेळ अधिकृत नव्या आवृत्तीत घ्यावेत. ‘स्ट्रीट फायटर’चा तिसाव्या वर्धापनदिनाचा संच 2018 मध्ये निघाला आणि तो आजच्या यंत्रांवर, आजच्या टीव्हीवर नीट चालतो.

पैसा वसूल: वापरलेला प्लेस्टेशन 2

एकच यंत्र घ्यायचं असेल तर मी प्लेस्टेशन 2 घ्यायला सांगेन. तो 2000 साली जपानमध्ये आला, जगभर 15 कोटींहून जास्त विकला गेला आणि त्यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडीही चालतात. म्हणजे रेसिंगमध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो’, साहसकथेत ‘फायनल फँटसी 7’, मारामारीत ‘टेकन’ असा दोन पिढ्यांचा खजिना एकाच डब्यात. टेकनचे चाहते असाल तर 2005 चा ‘टेकन 5’ शोधा. पहिल्या तिन्ही टेकनच्या आर्केड आवृत्त्या त्याच डिस्कमध्ये आहेत, त्यामुळे चार खेळ एका किमतीत मिळतात.

चालू स्थितीतला प्लेस्टेशन 2 तीन ते पाच हजारांत मिळतो. त्याचं उत्पादन बंद होऊन दशकाहून जास्त काळ झाला, तेव्हा नवीन म्हणून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. खरेदीच्या वेळी सीडी आणि डीव्हीडी दोन्ही लावून पाहा. लेन्स थकली असेल तर एक प्रकार चालतो आणि दुसरा अडतो. लेन्स बदलायला सहाशे ते हजार रुपये लागतात, ते भावातून कापून घ्या. मेमरी कार्ड विसरलं जातं: प्लेस्टेशन 2 चे खेळ 8 एमबीच्या त्याच्या स्वतःच्या कार्डावर साठतात, पण पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ साठवायला जुन्या जातीचं कार्डच लागतं. दोन्हींना मिळून सहाशे ते हजार धरा. टीव्हीला जोडायची एचडीएमआय खुंटी सहाशे ते नऊशे. ती लावल्यावर रंग भलतेच दिसले तर यंत्र बिघडलेलं नसतं, मेनूमध्ये व्हिडिओ आउटपुट आरजीबीवरून कंपोनंटवर आणायचं असतं. दुसऱ्या रिमोटसह सगळं धरून साधारण सहा ते आठ हजार रुपये पडतात आणि ते पैसे मला सार्थकी लागलेले वाटतात.

‘चिप बसवलेला’ किंवा ‘पेनड्राइव्हवर शंभर गेम’ असलेला मिळेल. ते गेम चोरीचे असतात, हे जाणून पुढचं ठरवा.

लांब चालणारी साहसकथा: प्रगती कुठे साठते?

काँट्राच्या आठ स्टेज अर्ध्या तासात संपतात. ‘झेल्डा’ किंवा 1995 चा ‘क्रोनो ट्रिगर’ तसा नाही. त्यात आज जिथे थांबलात तिथून उद्या पुढे जायचं असतं. जुन्या कॅसेटमध्ये ही आठवण एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते. तीस वर्षांनी ती संपलेली असण्याचीच शक्यता जास्त. बॅटरी तीस-पन्नास रुपयांची, पण ती डाखलेली असते. मोबाइल दुरुस्तीवाला शंभर-दोनशे घेऊन काम करतो. पत्ती लावून आलेली बॅटरीच न्या, साध्या बॅटरीवर थेट डाखणं धोक्याचं आहे. जुनी काढली की आधीची साठवण पुसली जाते, हेही लक्षात असू द्या. स्वस्त ‘इन 1’ कॅसेटमध्ये अशी बॅटरी बहुधा नसतेच, म्हणून साहसकथेसाठी ती घेऊ नये. ‘मेगा मॅन 2’सारखे खेळ पासवर्ड देतात, त्यांना वही आणि पेन पुरतं.

साहसकथांसाठी माझी पहिली शिफारस फोनची आहे. क्रोनो ट्रिगर आणि फायनल फँटसी 7 दोन्ही फोनवर अधिकृतपणे विकत मिळतात, आणि हळू चालणाऱ्या खेळांना पडद्यावरची बटणं अडचण करत नाहीत. क्रोनो ट्रिगरची मूळ किंमत 9.99 डॉलर, म्हणजे आठ-नऊशे रुपये, तीही एकदाच.

विकत की वर्गणीने?

काँट्रा, सुपर सी, काँट्रा 3 असे दहा खेळ असलेला कोनामीचा 2019 चा वर्धापनदिन संच स्टीमवर आणि इतर यंत्रांवर 19.99 डॉलरला आला. सेलमध्ये तो बराच उतरतो, तेव्हा यादीत टाकून वाट पाहा. वर्गणीचं गणित वेगळं. निंटेंडोची ऑनलाइन वर्गणी वर्षाला 19.99 डॉलर, त्यात निंटेंडोच्या जुन्या यंत्रांचे पुष्कळ खेळ. एन64 आणि सेगा मेगा ड्राइव्ह हवे तर 49.99 डॉलरचा वरचा प्रकार. पण त्यासाठी ‘स्विच’ लागतो आणि निंटेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही. दुकानातला स्विच बाहेरून आलेला, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दापुरती. सोनीची जुन्या खेळांसह येणारी ‘डीलक्स’ वर्गणी 2022 मध्ये इथे आली तेव्हा महिन्याला 849 रुपये होती. आजचा दर पाहूनच घ्या. ज्याला एकाच उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-बारा खेळ चाखायचेत त्याने महिन्याची वर्गणी घ्यावी. दोनच खेळ वर्षानुवर्षं खेळणाऱ्याने ते विकत घ्यावेत, कारण वर्गणी थांबली की खेळही थांबतो.

परदेशातून मागवायच्या छोट्या हातयंत्रांची किंमत 50-70 डॉलर दिसते. कस्टम ड्युटी वस्तू आणि वाहतूक दोन्हींवर मिळून लागते, वर आयजीएसटी आणि कुरिअरचा आकार. मी मूळ किमतीत निम्मी भर धरूनच हिशेब करतो. त्यांच्यासोबत हजारो गेम भरलेलं कार्ड येतं. कायदा साफ आहे: भारतात कॉम्प्युटर प्रोग्रामला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे आणि 1980 च्या दशकातले खेळ अजून त्या मुदतीत आहेत. जुन्या यंत्राची नक्कल करणारं रेट्रोआर्कसारखं एम्युलेटर सॉफ्टवेअर वापरणं गैर नाही, ते फुकट आणि खुलं आहे. तुमच्या मालकीच्या प्रतीचा नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप घेण्याची मुभाही कायदा देतो. उतरवून घेतलेले भरमसाट खेळ त्या मुभेत बसत नाहीत.

जुना माल घेताना

मुंबईतले लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, या ठिकाणी वस्तू मिळतात, पण विजेचं बटण लावून बघू न देणाऱ्याकडून घेऊ नये. कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका. तोंडाच्या ओलाव्याने पट्ट्या हळूहळू गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली दीडदोनशेला येते. कापसाच्या काडीने पट्ट्या पुसा, काडी काळी होईल, ती स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा आणि वाळल्यावरच कॅसेट लावा. ‘बंद आहे’ म्हणून शंभर रुपयांत पडलेल्या कितीतरी कॅसेट एवढ्यानेच चालू होतात.

बिल मागा, हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल, पण त्यावर ‘चालू स्थितीत’ हे दोन शब्द हवेत. ऑनलाइन घेतलं तर पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा, आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर बिल आणि चित्रण हाताशी ठेवून फोन करा.