छायाचित्रकार आणि ग्राहकाची पहिली भेट

कापड, किराणा, सराफी हे आपल्या समाजाचे परंपरागत व्यवसाय होत. त्यांच्या जोडीला आपल्या घरांतील काही तरुण आता छायाचित्रणाच्या व्यवसायात शिरले आहेत. त्यांच्यासाठी व त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी हा लेख लिहीत आहोत.

कापड ग्राहक हाताने चाचपून पाहतो, सोने कसोटीवर लावून घेतो. छायाचित्रकाराचा माल मात्र सौदा ठरतो त्या वेळी अस्तित्वातच नसतो. शिवाय बिघडलेले कापड बदलून देता येते. झालेले लग्न पुन्हा लावता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत ग्राहक छायाचित्रे पाहत असला तरी पारखीत असतो तो छायाचित्रकाराचा भरवसा.

हा धंदा आपल्याला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. राजा लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे सरधना येथील जैन कुटुंबात जन्मलेले गृहस्थ. रुडकी येथे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले व तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला; तेथे छायाचित्रे घेण्याचे कामही एका स्त्रीकडेच सोपविले होते. ग्राहकाची अडचण आधी जाणावी आणि मग तिला अनुरूप व्यवस्था करावी, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

तेव्हा पहिला नियम असा की आपण कमी बोलावे व ग्राहकास बोलू द्यावे. ठरल्या वेळेच्या थोडे आधी हजर असावे, पोशाख स्वच्छ व साधा असावा आणि मोबाईल बाजूस ठेवावा. कार्ये किती दिवस चालणार, जेवण सूर्यास्तापूर्वी आहे काय, देरासरात छायाचित्रे घेण्यास मोकळीक आहे काय, हे विचारावे. देरासरात चामड्याची वस्तू नेत नाहीत; कॅमेऱ्याचा पट्टा कशाचा आहे हे आपण होऊन सांगणारा छायाचित्रकार घरातील वडीलमंडळींना एका वाक्यात आपलासा वाटतो. घरात वृद्ध कोण आहेत हेही विचारून टिपून घ्यावे. पुष्कळ घरांत भिंतीवरचे हार घातलेले आजोबांचे चित्र एखाद्या लग्नातील समूहचित्रामधूनच काढलेले असते.

दुसरा नियम नमुन्यांविषयी. वीस लग्नांतील निवडक तीस चित्रे पाहून ग्राहकाचे डोळे दिपतात, परंतु त्याला खरी कल्पना येत नाही. त्याऐवजी एकाच लग्नाचा संपूर्ण आल्बम, आरंभापासून पाठवणीपर्यंत, त्याच्यापुढे ठेवावा. अंधाऱ्या सभागृहात व गर्दीत आपले काम कसे उतरते, हे त्यास कळू द्यावे.

तिसरा नियम पैशाचा. दर तोंडी सांगून भागत नाही. किती तास, किती माणसे, आल्बमची पाने किती, प्रवासखर्च कोणाचा, काम कोणत्या तारखेस हाती पडेल, हे सारे कागदावर लिहून द्यावे. विसाराची पावती द्यावी व मुहूर्त पुढे गेल्यास विसाराचे काय, तेही त्यातच लिहावे. स्वतः येणार की सहायकास पाठविणार, हे त्याच वेळी सांगावे. लग्नाच्या दिवशी अनोळखी माणूस दारात उभा राहिला, तर ग्राहकाला फसल्यासारखे वाटते.

चौथी गोष्ट कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः ते काढविणाऱ्याकडे असतो. म्हणून कोणाच्या सुनेचे वा मुलीचे चित्र दुकानाच्या काचेत किंवा मोबाईलवर झळकविण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. आपण होऊन हा विषय काढल्यास ग्राहकाच्या मनातील एक न बोललेली शंका दूर होते. चित्रे त्याच रात्री दोन निराळ्या ठिकाणी साठविली जातील, हेही सांगून ठेवावे आणि सांगितल्याप्रमाणे करावे.

एखादी तारीख आधीच दुसऱ्यास दिलेली असेल, तर ग्राहकास ताटकळत न ठेवता तत्काळ कळवावे व जमल्यास दुसऱ्या चांगल्या छायाचित्रकाराचे नाव सुचवावे. दुसऱ्याच्या कामास नावे ठेवून आपले काम विकू नये. आपल्या पेढ्यांवर हा रिवाज पूर्वापार चालत आला आहे.

तरुण बंधूंना आमची एवढीच सूचना आहे: लग्नसराईपूर्वी वरील प्रश्न व अटी एका कागदावर उतरवाव्यात आणि घरातील एखाद्या जुन्या व्यापाऱ्यास वाचून दाखवाव्यात. कॅमेऱ्याची माहिती त्यांना नसेल. पण कोणती अट ग्राहकास खटकेल आणि कोणती आपल्यास पुढे जड जाईल, हे ते अचूक सांगतील.