क्रमवाचक की विशेषनाम? : संगणकातील डिस्कची ओळख

दुर्गाराम मेहताजींसोबत १८४४ साली सुरतेत मानवधर्म सभा स्थापन करणारे दादोबा पांडुरंग हे मराठीचे व्याकरणकार. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. व्याकरणातील नामविचार संगणकापुढेही कसा उपयोगी पडतो, ते प्रस्तुत टिपणात पाहू.

सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली बरीच कुटुंबे राहतात. त्यांच्या घरांतील अहिराणी गाणी व म्हणी विद्यार्थ्यांकरवी ध्वनिमुद्रित करून मी लिनक्स संगणकावर ठेवतो. एक डिस्क मूळ संग्रहाची, दुसरी प्रतीची. म्हातारी आजी गेली की तिचे गाणे पुन्हा मिळत नाही. म्हणून डिस्कची अदलाबदल होऊन चालत नाही.

लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देते. शेवटचे अक्षर डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळते. संगणक सुरू होताना अनेक उपकरणांचा शोध एकाच वेळी चालतो. त्यामुळे कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. म्हणजे ही विशेषनामे नव्हेत. 'पहिला', 'दुसरा' यांसारखी क्रमवाचक विशेषणे होत. रांगेतला दुसरा मुलगा रोज तोच नसतो. म्हणून हजेरीपटात नाव लिहितात.

तसे नाव म्हणजे यूयूआयडी. डिस्कच्या विभागावर फाइल-व्यवस्था तयार करताना ते दिले जाते. ईएक्सटी४ पद्धतीत त्यात ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही अक्षरे यांतून घेतलेली ३२ चिन्हे आणि मध्ये ४ रेघा असतात. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा ते दाखवते. कोणती डिस्क कोठे जोडायची हे सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलीत एसडीबी१ऐवजी यूयूआयडी लिहावे. प्रतीची डिस्क कधी काढून ठेवत असाल, तर त्याच ओळीत 'नोफेल' हा पर्याय घालावा. मग ती नसली तरी संगणक सुरू होण्यात अडत नाही.

दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. विभाग पुन्हा फॉरमॅट केला की यूयूआयडी बदलते. उलट, डिस्कची हुबेहूब नक्कल केली की दोन्हींचे यूयूआयडी एकच राहते. अशा दोन डिस्क एकत्र जोडू नयेत. 'मूळ', 'प्रत' अशी लेबले वाचायला सोपी. पण एका वर्गात दोन सुनीता असू शकतात, तशी दोन लेबलेही सारखी असू शकतात.

स्वाध्याय : आपल्या संगणकातील 'एफएसटॅब' वाचा. त्यातील कोणती नावे क्रमवाचक आहेत आणि कोणती विशेषनामे, ते वेगळे लिहा.