ट्रॅक्टरची मागे-पुढे चाल : शटलचे तीन प्रकार

नांगरणी करणारा ट्रॅक्टर बहुतेक वेळ पुढेच चालतो. लोडरने शेणखत अगर माती भरणाऱ्या ट्रॅक्टरचे तसे नाही. ढिगात शिरणे, मागे येणे, ट्रॉलीकडे जाणे व पुन्हा मागे येणे, अशा एका खेपेत दिशा 4 वेळा पालटते. म्हणजे 50 खेपांत 200 वेळा. ही दिशा पालटणाऱ्या यंत्रणेस ‘शटल’ म्हणतात.

सिंक्रो शटलमध्ये पायाने क्लच दाबून, ट्रॅक्टर थांबवून दांडा सरकवावा लागतो. आतील कडे घर्षणाने फिरत्या भागांचे वेग जुळविते. त्यामुळे दाते खरडत नाहीत. ही रचना साधी व स्वस्त असते. परंतु वारंवार दिशा पालटल्यास पाय थकतो आणि क्लच झिजतो.

पॉवर शटलमध्ये पुढच्या व मागच्या चालीसाठी तेलात फिरणाऱ्या तबकड्यांचे स्वतंत्र क्लच असतात. सुकाणूजवळील दांडी हलविताच तेलाच्या दाबाने एक सुटतो व दुसरा आवळला जातो. घर्षणाची उष्णता तेल वाहून नेते. मात्र किंमत अधिक पडते; तेल व गाळणीची हयगय चालत नाही.

हायड्रोस्टॅटिक प्रकारात पंपाने ढकललेले तेल मोटर फिरविते. वेग हवा तसा कमी-अधिक करता येतो. पण शक्तीचा बराच अंश उष्णतेत जातो. म्हणून तो गवतकापणीसारख्या हलक्या कामास शोभतो, दीर्घ नांगरणीस नव्हे.

तात्पर्य, खरेदीपूर्वी आपल्या कामात दिवसातून किती वेळा दिशा पालटते, हे मोजावे. मुख्यतः नांगरणी असेल, तर पॉवर शटलचा जादा खर्च व्यर्थ होय. रोज लोडर चालवायचा असेल, तर तोच खर्च सार्थकी लागतो.