शिवणीतली माया
(जुन्या कपड्यांतून नवा पोशाख : एक पाठ)



या अंकातला पाठ कपड्यांचा आहे. नवे कपडे कुठे स्वस्त मिळतात हे आम्ही सांगणार नाही. कपाटात आहेत त्याच कपड्यांतून नवा पोशाख कसा उभा करायचा, एवढेच पाहायचे आहे. यात थोडे गणित आहे, थोडे शिवणकाम आहे आणि पुष्कळ मराठी शब्द आहेत. शेवटी एक अवघड प्रश्नही आहे. त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपापले शोधायचे आहे.

१. आधी एक शब्द

तुमच्या शाळेच्या गणवेशाची पँट उलटी करून शिवण पाहा. शिवणीच्या आत कापडाची एक अरुंद पट्टी दुमडलेली दिसेल. मूल वाढले की शिंपी जुनी शिवण उसवतो, ती पट्टी मोकळी करतो आणि पँट सैल करून देतो. या राखून ठेवलेल्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. "मास्तर, जरा माया ठेवा हो, पोरगा वाढतोय," असे आपल्या आज्या शिंप्याला आवर्जून सांगत. बाजारातल्या पुष्कळशा तयार कपड्यांत माया जेमतेम असते, त्यामुळे ते सैल करता येत नाहीत. कपडा घेताना शिवण उलटून माया पाहण्याची सवय लावून घ्या.

दुसरा शब्द 'बेतणे'. मापे घेऊन, कापड कसे पुरेल याचा विचार करून कापणे म्हणजे बेतणे. 'बेत' म्हणजे योजना हे तुम्हाला ठाऊक आहेच. आधी बेत आणि मग कात्री, हा क्रम या शब्दातच आहे.

२. कपाटाचे गणित

घरात घालायच्या कपड्यांचे तीन ढीग करा. वरचे कपडे (शर्ट, कुडते, टॉप), खालचे कपडे (पँट, परकर, सलवार) आणि वरून घ्यायच्या वस्तू (बंडी, ओढणी). समजा ४ वरचे कपडे आहेत, ३ खालचे आहेत आणि एक बंडी आहे. बंडी घालणे किंवा न घालणे असे दोन पर्याय झाले. म्हणून,

४ × ३ × २ = २४ पोशाख.

आता यात एकच वस्तू वाढवायची आहे. कोणती वाढवाल? नवा शर्ट घेतला तर ५ × ३ × २ = ३०, म्हणजे ६ पोशाख वाढले. त्याऐवजी आईची जुनी ओढणी घेतली तर वरून घ्यायचे पर्याय तीन होतात (काही नाही, बंडी, ओढणी). ४ × ३ × ३ = ३६, म्हणजे १२ वाढले. ज्या ढिगात पर्याय सर्वांत कमी, तिथे एक वस्तू वाढवली की फायदा सर्वांत जास्त होतो. दुकानात मात्र आपण बहुधा शर्टच घेतो, आणि शर्ट तर कपाटात आधीच भरपूर असतात.

सगळ्याच जोड्या शोभणार नाहीत हे खरे. चौकटीच्या शर्टाखाली फुलाफुलांचा परकर विचित्र दिसेल. अशा जोड्या वजा करा. ३६ पैकी निम्म्या जरी टिकल्या तरी १८ उरतात, म्हणजे अडीच आठवडे रोज वेगळा पोशाख. आम्ही संगणकाच्या कामात रोज हेच करतो. नवा प्रोग्रॅम शून्यातून फार क्वचित लिहिला जातो. चालणारे जुने तुकडे घ्यायचे, नीट जोडायचे आणि जोड टिकतो का ते तपासायचे.

३. कापड तपासा, मग सुई धरा

कापड कापण्याआधी तीन परीक्षा कराव्यात.

पहिली, उजेडाची. कापड खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरले आहे.

दुसरी, ताणाची. दोन्ही हातांनी हलकेच ताणा. कर्रकन आवाज आला किंवा धागे सरकले, तर त्या भागावर शिवण टिकणार नाही.

तिसरी, पाण्याची. एक कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग उतरला तर ते कापड पांढऱ्या कापडाला जोडू नका. नवे सुती कापड जुन्याला जोडायचे असेल, तर ते आधी भिजवून वाळवा. नवे सूत पहिल्या धुण्यात आटते. जुने आधीच आटलेले असते, म्हणून शिवणीजवळ चुण्या पडतात.

इथल्या उन्हाचीही काळजी घ्यायला हवी. २०१६ च्या जुलैत कुवेतमधल्या मित्रिबा येथे पारा ५४ अंश सेल्सियसच्या जवळ गेला होता. असे कडक ऊन रंग खाते. कपडे उलटे करून सावलीत वाळवले तर रंग पुष्कळ दिवस टिकतो.

दुरुस्तीसाठी चार टाके यायला हवेत : धावदोरा, उलटी टीप, तुरपाई आणि बटणाचा टाका. ही कामे मुलगे आणि मुली दोघांनीही शिकायची आहेत. गुडघ्यावर फाटले तर आतून ठिगळ लावा. बारीक भोक असेल तर रफू करा, म्हणजे धाग्याने उभे-आडवे विणून भोक भरा. बाबांच्या शर्टाची कॉलर विरली तर ती उसवून उलटी लावता येते. आतली चांगली बाजू बाहेर येते आणि शर्ट आणखी काही वर्षे चालतो.

४. एका नऊवारीचा हिशेब

आता मोठा प्रकल्प. १ वार म्हणजे ३ फूट, म्हणजेच ९१.४४ सेंटिमीटर. म्हणून नऊवारी लुगडे सुमारे ८.२३ मीटर लांब असते. कापडाच्या रुंदीला 'पन्हा' म्हणतात. आपल्या लुगड्याचा पन्हा ४६ इंच आहे असे धरू.

आठ वर्षांच्या मुलीसाठी परकर-पोलके शिवायचे आहे. पदर नसलेल्या टोकाकडून ३ मीटर कापड घ्या. ही लांबी परकराचा घेर होईल. उंचीसाठी २८ इंच, नेफा आणि दुमड यासाठी ४ इंच, असे ३२ इंच लागतील. लुगड्याचा एक काठ आपोआप परकराच्या खाली येईल. उरली १४ इंच रुंद आणि ३ मीटर लांब पट्टी. तिला दुसरा काठ आहे. त्यात पोलके बसते आणि काठ बाह्यांना लावता येतो. परकराची खालची दुमड थोडी जास्त ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी उंची वाढवता येईल. तीच माया.

आणि लुगड्याचे काय उरले? ८.२३ वजा ३, म्हणजे ५.२३ मीटर, पदरासकट. पाच वार म्हणजे ४.५७ मीटर. आईला पाचवारीसारखे नेसायला ते पुरते. एका लुगड्यात मायलेकींचा जुळता पोशाख झाला आणि एक चिंधीही वाया गेली नाही.

महाराष्ट्रात ही विद्या जुनी आहे. लुगडे मध्येच विरले तर विरलेला भाग कापून काढत आणि चांगले तुकडे पुन्हा जोडत. त्याला 'दंड घालणे' म्हणतात, काही भागांत 'दांड' म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसून गरीब घरच्या बायकांनी वर्षे काढली. त्या लुगड्याने संसार पुढे नेला, म्हणून त्याची लाज वाटायचे कारण नाही. पुढे तेही विरले की त्याची बाळासाठी दुपटी आणि कुंची होत. कोऱ्या कापडाला खळ असते. धुऊन धुऊन ती निघून जाते आणि सूत मऊ पडते, म्हणून तान्ह्या बाळाला जुनेच कापड लागते. सर्वांत शेवटी गोधडी. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. चार पदरांची ती चौघडी. बाहेर पन्नास अंश असताना आपल्या खोल्या यंत्राने इतक्या गार होतात की चौघडी खैरानलाही उपयोगी पडते!

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून कांथा करतात. जपानमध्ये शेतकरी आणि कोळी कुटुंबे ठिगळांवर ठिगळे लावून कपडे पिढ्यान्‌पिढ्या वापरत. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४१ पासून, कपड्यांवर रेशन आले. मोठ्या माणसाला सुरुवातीला वर्षाला ६६ कुपने मिळत. १९४३ मध्ये सरकारनेच जुने कपडे दुरुस्त कसे करावेत याची पुस्तिका काढली. रेशन १९४९ पर्यंत चालले.

आज कुपने नाहीत, पण दुसरा हिशेब आहे. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला, कापसाच्या पिकापासून धरून, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. रोज ३ लिटर पाणी पिणाऱ्या माणसाला ते ९०० दिवस पुरेल. खैरानच्या उत्तरेला झौर येथे समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून पिण्याचे पाणी तयार होते. पाण्याची किंमत इथे राहणाऱ्या मुलांना वेगळी सांगायला नको.

५. अवघड प्रश्न : आजीचे लुगडे कापावे का?

आमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत सुटकेसच्या तळाशी एखादे लुगडे आहे. ते आजीचे किंवा पणजीचे असते. वर्षातून एकदा ते काढतात, वास घेतात आणि परत ठेवतात. पालकांमध्ये यावर दोन मते आहेत. काही म्हणतात, त्याला कात्री लावायची कल्पनाही सहन होत नाही. काही म्हणतात, घडीवर चिरून जाण्यापेक्षा नातीच्या अंगावर गेलेले बरे. दोन्ही मते प्रेमापोटीच आहेत.

आम्हाला असे वाटते. जे लुगडे कोणी तरी नेसू शकते, ते कापू नये, नेसावे. ते जुने रेशीम असेल तर दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घालावी, कारण रेशीम घडीवरच चिरते. जे मध्ये विरले आहे आणि नेसता येत नाही, त्याचा चांगला भाग वापरायला हरकत नाही. पदर मात्र अखंड ठेवावा. ओढणी म्हणून तो तसाच शोभतो.

पण हे ठरवण्याआधी, ज्यांचे लुगडे आहे त्या हयात असतील तर त्यांना विचारावे, आणि हा फोन मुलांनी करावा. "आजी, हे लुगडं कुठून घेतलं होतं? कोणी दिलं? पहिल्यांदा कधी नेसलीस? आम्ही याचं परकर-पोलकं शिवलं तर चालेल का?" एवढे चार प्रश्न. कदाचित आजी म्हणेल, "अगं, माझ्या आईनं तर त्याला दंड घातला होता, तू खुशाल शीव!" कदाचित म्हणेल, "नको गं, राहू दे." जे म्हणेल ते मानावे आणि तिची गोष्ट वहीत लिहून ठेवावी. लुगड्याचे काय करायचे ते पुढच्या वर्षीही ठरवता येईल, पण त्याची गोष्ट सांगणारे माणूस नेहमीच फोनवर असेल असे नाही. 'दंड', 'पन्हा', 'कुंची' हे शब्द मुले आजीकडूनच ऐकतील, कारण इथल्या दुकानात ते कोणी बोलत नाही.

दिवाळीला नवे कपडे घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. सणाला नवे हवेच. पण वर्गाच्या कार्यक्रमासाठी एकदाच घालायचा पोशाख सुट्टीत गावाहून आणायचा आणि पुढच्या वर्षी तो लहान होणार, हा खर्च टाळता येतो. ते पैसे परतीच्या तिकिटाला उपयोगी पडतील.

शब्दार्थ

माया – शिवणीत राखलेले जादा कापड
बेतणे – मापाने योजून कापणे
पन्हा – कापडाची रुंदी
नेफा – नाडी ओवण्याची दुमड
दंड – विरलेला भाग काढून घातलेला जोड
विरणे – वापरून पातळ होणे
खळ – कोऱ्या कापडाला ताठपणा देणारी पेज
कुंची – बाळाची पाठीवर रुळणारी टोपी

स्वाध्याय

१. तुमच्याकडे ५ वरचे कपडे, ४ खालचे कपडे आणि एक बंडी आहे. पोशाख किती? एकच वस्तू वाढवायची असल्यास कोणती वाढवाल? का?

२. वाक्यात उपयोग करा : सूत जुळणे, ठिगळ लावणे, जिवावर बेतणे, सुतावरून स्वर्ग गाठणे.

३. "आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार?" या म्हणीचा अर्थ घरी विचारून लिहा.

४. घरातला एक जुना कपडा निवडा. त्याच्या तीन परीक्षा करा आणि निकाल पाच ओळींत लिहा.

५. आजी, आजोबा किंवा घरातल्या मोठ्या माणसाला फोन करून एका कपड्याची गोष्ट विचारा व त्यांच्याच शब्दांत लिहा. चुका झाल्या तरी चालतील, शब्द मात्र त्यांचेच हवेत.

पुढच्या शुक्रवारी सुई, दोरा, बोथट कात्री आणि एक जुना कपडा घेऊन या. पालकांनी थांबावे, धावदोरा सगळेच शिकू. लुगडी घरीच ठेवा. वर्गात फक्त त्यांच्या गोष्टी आणा.