प्रदक्षिणामार्ग ते कातळसडा : रत्नागिरी परिसरातील पायवाटांचे दर्शन

परशुरामभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोकणात देवस्थान आणि निसर्ग यांची फारकत कधीच झालेली नाही. डोंगर, गुहा, समुद्रकिनारा आणि जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे हीच येथील अनेक देवतांची निवासस्थाने होत. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यात तीर्थयात्रेस येणाऱ्या भाविकाचे दर्शन केवळ गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी पूर्ण होत नाही; देवस्थानापर्यंत नेणारी आणि त्याच्या भोवतीची वाटही त्या दर्शनाचाच भाग आहे. अर्ध्या दिवसात पायी पाहता येतील अशा काही वाटांचा परिचय येथे करून दिला आहे.

श्रीक्षेत्र गणपतीपुळे : डोंगर हेच देवाचे रूप

येथील श्री गणेश स्वयंभू असून मंदिराच्या पाठीमागील संपूर्ण डोंगर हे श्रींचेच स्वरूप मानले जाते. म्हणून प्रदक्षिणा केवळ गाभाऱ्याभोवती न घालता डोंगराभोवती घालण्याची परंपरा आहे. हा मार्ग सुमारे एक किलोमीटरचा व फरसबंद आहे. एका बाजूस समुद्राचे आणि दुसऱ्या बाजूस वृक्षराजीचे सान्निध्य असलेला हा मार्ग सावकाश चालणाऱ्यासही अर्ध्या तासात पूर्ण करता येतो.

डोंगराला देव मानून त्याच्याभोवती चालण्याची ही प्रथा भारतभर आढळते. त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरीची फेरी, व्रजातील गोवर्धन परिक्रमा, तमिळनाडूतील अरुणाचल पर्वताची सुमारे चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा या सर्वांत लहान असली तरी तिच्यामागील भाव तोच आहे. ज्या डोंगराला प्रदक्षिणा घालावयाची त्याच्यावर चढू नये, त्याची झाडे तोडू नयेत, त्याच्यावर कचरा टाकू नये, हा त्या भावाचाच व्यवहारातील अर्थ आहे.

रत्नदुर्ग : तीन बाजूंनी सागर

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस, तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला रत्नदुर्ग किल्ला उभा आहे. घोड्याच्या नालेसारखा आकार असलेल्या या किल्ल्याच्या बालेकिल्ल्यात श्री भगवती देवीचे मंदिर आहे. बहामनी काळात उभारलेला हा किल्ला १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून घेतला. पुढे तो आंग्र्यांकडे व पेशव्यांकडे राहून १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. देवीचे दर्शन घेऊन तटावरून फिरल्यास एकीकडे अथांग सागर, दुसरीकडे दीपगृहाची टेकडी व मिरकरवाडा बंदरातील होड्या दिसतात. तटाच्या काही भागास कठडा नाही. म्हणून लहान मुलांचा हात धरूनच चालावे आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर पाय ठेवू नये.

श्रीक्षेत्र मार्लेश्वर : पायऱ्यांची वाट

देवरुखपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत मारळ गावाजवळ श्री मार्लेश्वराचे गुहास्थान आहे. पायथ्यापासून सुमारे पाचशे पायऱ्या चढून गेल्यावर गुहेत समईच्या मंद प्रकाशात शिवदर्शन घडते. गुहेत सर्पांचा वावर असतो व तेथे त्यांना कोणी इजा करीत नाही. जवळच धारेश्वर धबधबा कोसळतो. मकरसंक्रांतीस येथे श्री मार्लेश्वर व साखरप्याची गिरिजादेवी यांचा विवाहसोहळा होतो आणि तेव्हा ही वाट भाविकांनी फुलून जाते. वृद्ध भाविकांनी टप्प्याटप्प्याने विसावा घेत चढावे. पावसाळ्यात धबधब्याखालील पात्रात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

कशेळी : सूर्यमंदिर आणि कातळावरील हत्ती

राजापूर तालुक्यातील कशेळी येथे श्री कनकादित्याचे प्राचीन सूर्यमंदिर आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इ. स. ११९१ मधील दानाचा ताम्रपट या गावाची प्राचीनता सांगतो. समुद्राकडील कड्याखाली देवघळी हे रमणीय स्थान असून देवाची मूर्ती तेथे सापडल्याची कथा परंपरेने सांगितली जाते.

याच गावच्या सड्यावर त्याहून कितीतरी प्राचीन असा मानवनिर्मित ठेवा आहे. जांभ्याच्या उघड्या कातळावर सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असा हत्ती कोरलेला असून त्याच्या देहाकृतीत अनेक प्राण्यांची व जलचरांची चित्रे आहेत. अशा कोरीव आकृतींना कातळशिल्पे किंवा कातळ-खोद-चित्रे म्हणतात. उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या रत्नागिरी जिल्ह्यातील गावांतही ती आहेत. देवीहसोळचे शिल्प श्री आर्यादुर्गेच्या मंदिरालगतच असल्याने तेथे देवदर्शन व शिल्पदर्शन एकाच वाटेवर घडते.

गुराख्यांना व ग्रामस्थांना यांतील काही आकृती पूर्वीपासून ठाऊक होत्या. श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायी फिरून, वृद्धांना विचारून शेकडो आकृतींचा शोध घेतला. या चित्रांत गेंड्यासारखे, आज कोकणात न आढळणारे प्राणी आहेत. शेतीची दृश्ये मात्र नाहीत. त्यावरून शेती सुरू होण्यापूर्वीच्या, शिकारीवर व अन्नसंकलनावर जगणाऱ्या मानवाची ही निर्मिती असावी, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. २०२२ मध्ये कोकणातील नऊ कातळशिल्पस्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात कुडोपी येथे व एक गोव्यात आहे. पेरू देशातील नाझका येथील भूचित्रे पाहण्यास जगभरातून लोक जातात. त्याच जातीचा ठेवा येथे गावाच्या सड्यावर, पायवाटेच्या कडेला आहे.

पाऊल कोठे ठेवावे

गाभाऱ्यास दारे आहेत, डोंगरास वृक्षांचे कवच आहे. सड्यावरील शिल्पास मात्र कोणतेच आवरण नाही. ऊन, पाऊस, चिऱ्यांच्या खाणी, रस्ते, वाहनांची चाके आणि पर्यटकांची पादत्राणे या सर्वांस ते उघडे आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करता येतो, भंगलेली पायरी नव्याने बसविता येते. झिजून गेलेली कातळरेषा पुन्हा कोरता येत नाही, कारण ती कोरणारे हात आता नाहीत. उक्षी येथे शिल्पाभोवती संरक्षक भिंत बांधण्यात आली असून ते बाहेरूनच, उंचावरून पाहता येते. हा आदर्श सर्वत्र पाळण्याजोगा आहे. जेथे कुंपण नाही तेथे भाविकाने मनातच कुंपण घालावे : शिल्पाच्या बाहेरून फिरावे, आकृतीवर उभे राहून छायाचित्र काढू नये, रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, रंग वा पाणी भरू नये.

सड्यावर पावसाच्या आरंभी दीपकाडी उमलते. ही कोकणच्या सड्यांवरच आढळणारी दुर्मीळ वनस्पती आहे. तिची फुले तोडू नयेत व कंद उपटू नयेत.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. सड्यावर सावली नसते. सकाळी लवकर किंवा सायंकाळी जावे. पाणी व टोपी जवळ ठेवावी.
२. कातळशिल्पे पाहताना गावातील माहीतगार व्यक्तीस सोबत घ्यावे. वाट चुकत नाही व ग्रामस्थांस त्यांचा मोबदलाही मिळतो.
३. वाहन डांबरी रस्त्यावरच उभे करून सड्यावर पायी जावे.
४. गणपतीपुळे येथील समुद्रात जोरदार ओढ असते व तेथे बुडून मृत्यू झालेले आहेत. स्नानासाठी खोल पाण्यात जाऊ नये. स्थानिक सूचनाफलक व जीवरक्षक यांचे ऐकावे.
५. प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या परत न्याव्यात.

देणगीदारांसाठी एक विनंती आहे. विहीर, तळे, धर्मशाळा व बाग यांच्या निर्मितीस आपल्या धर्मशास्त्राने पूर्तधर्म म्हटले आहे. कोकणातील जांभ्याच्या पाखाड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भाविक देवळांकडे चालत आले. आज एखाद्या पाखाडीची दुरुस्ती, वाटेवरील पिण्याच्या पाण्याची सोय, वृद्धांसाठी एक कठडा किंवा गावाच्या संमतीने शिल्पाभोवती एक साधे कुंपण हेही पूर्तधर्माचेच कार्य ठरेल. आपल्या मागून येणाऱ्या भाविकास हीच वाट, हाच डोंगर आणि हाच कातळ जसाच्या तसा दिसावा, अशी श्रीचरणी प्रार्थना.