नव्या सर्व्हरचा बॅकअप जुन्या सर्व्हरवर कसा न्यावा?



घरच्या संगणकावर एसक्यूएल सर्व्हर २०१९ आणि शाळेत २०१४ असेल, तर घरी घेतलेला बॅकअप शाळेत रिस्टोअर होत नाही. जुन्या आवृत्तीला नव्या फाइलची रचना वाचताच येत नाही. कंपॅटिबिलिटी लेव्हल कमी करूनही उपयोग नाही. मग काय करायचं?

१) मॅनेजमेंट स्टुडिओत डेटाबेसवर राइट क्लिक करा. टास्क्स, मग जनरेट स्क्रिप्ट्स. सगळे टेबल निवडा.
२) ॲडव्हान्स्डमध्ये आवृत्ती २०१४ आणि 'स्कीमा अँड डेटा' घ्या.
३) फाइल युनिकोडमध्येच सेव्ह करा, नाहीतर मुलांच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.
४) शाळेत त्याच नावाचा रिकामा डेटाबेस करून स्क्रिप्ट चालवा.

शेवटी दोन्हीकडची पटसंख्या जुळवून बघा. तोवर मूळ बॅकअप पुसू नका!