स्क्रब टायफस : रक्तपरीक्षा आणि दक्षता

पावसाळ्यात येणारा प्रत्येक ताप हिवताप किंवा डेंग्यूचाच असतो असे नाही. २०१८ साली नागपूर परिसरात उद्भवलेल्या स्क्रब टायफसच्या साथीने हे दाखवून दिले. गवत-झुडपांतील 'चिगर' या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून या रोगाचे जीवाणू शरीरात शिरतात. ते पेशींच्या आतच वाढत असल्याने प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमात त्यांचे संवर्धन होत नाही. त्यामुळे निदानाचा मुख्य भर रक्तातील प्रतिपिंडांवर असतो.

वाइल व फेलिक्स यांनी १९१६ मध्ये टायफससाठी शोधलेल्या पद्धतीवर आधारलेली चाचणी स्वस्त व सोपी आहे. मात्र तीत प्रोटियस हा भलताच जीवाणू वापरला जात असल्याने ती पुरेशी विश्वसनीय नाही. एलायझा चाचणी अधिक अचूक ठरते. तथापि प्रतिपिंडे साधारणतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. तत्पूर्वी जीवाणूंचा थेट शोध घेणाऱ्या पीसीआर चाचणीस सुसज्ज प्रयोगशाळा लागते.

म्हणूनच आरंभीच्या नकारात्मक अहवालावर विसंबणे धोक्याचे आहे. ताप आणि चाव्याच्या जागी काळी खपली दिसल्यास अहवालाची वाट न पाहता वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन सुरू करणे इष्ट होय. ग्रामपंचायतींनी वस्तीलगतचे गवत काढावे आणि शिक्षकांनी ताप अंगावर न काढण्याचा संदेश घरोघरी पोहोचवावा.